साहेबांसाठी ठेवलेला जिताडा

आमच्याकडे जिताडा विकत आणत नाहीत. तो येतो. खाडीकाठच्या खारेपाटातल्या कोणाच्या तरी तळ्यातून, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला, मोटारसायकलच्या हँडलला लटकून येतो. आणि तो ओटीवर ठेवला की घरातला पहिला प्रश्न असतो, "कोण येणार हाय?"

कारण जिताडा हा आमच्या भागात खाण्याआधी देण्याचा मासा आहे. कचेरीतल्या साहेबाला, डॉक्टरला, व्याह्यांना. एखादा आमच्या घरात शिजलाच तर त्या दिवशी जावई तरी येणार असतो, नाहीतर वडिलांचं अडलेलं काम करून देणारा कोणी. डोकं पाहुण्याला. मधल्या जाड तुकड्या पाहुण्याला आणि वडिलांना. शेपटीकडचं आईला आणि मला. हे कोणी बसून ठरवलेलं नव्हतं. आई वाढायची आणि तिच्या पळीला ते माहीत होतं.

नऊ वर्षांची असताना मी एकदा भर पंगतीत म्हटलं होतं, "मला मधली तुकडी." आत्या ताटावरून मान न उचलता म्हणाली, "तुझा नवरा येऊ दे गो, मग त्याच्या ताटातली खा." सगळे हसले. मीही हसले असणार. लाजाळू मुली अशा वेळी हसतात आणि नंतर पुष्कळ वर्षं तेच वाक्य चघळत बसतात.

आता मी सव्वीस वर्षांची आहे. नवरा नाही. मधली तुकडीही परवापरवापर्यंत मिळालेली नव्हती. गेल्या हिवाळ्यात मी ठरवलं की नवऱ्याचं पुढे बघू, तुकडी आधी मिळवायची, आणि ती माझ्या स्वतःच्या ताटात.

हे ठरवायला कारण झालं पेणचं ते नवीन हॉटेल.

आमचं गाव कासूजवळ. नोकरी रोह्याला, एका कंपनीच्या लॅबमध्ये. रेल्वेने मी रोज एका दिशेला जाते, आणि काही खरेदी असली की उलट्या दिशेला, पेणला. पेणच्या एस.टी. स्टँडपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर पूर्वी एक परमिट रूम होती. हिरवे पडदे आणि बाहेर उभ्या केलेल्या मोटारसायकली, एवढंच तिचं रूप आम्हा मुलींना माहीत होतं, कारण तिच्यासमोरून जाताना आम्ही रस्त्याची बाजू बदलत असू. दोन वर्षांपूर्वी पडदे गेले. मोठ्या काचा आल्या, भिंतींना सिमेंटचाच रंग ठेवला, छताला पिवळे दिवे टांगले आणि स्वयंपाकघराची अर्धी भिंत पाडून आतली शेगडी सगळ्यांना दिसेल अशी केली. मालकाचा पुतण्या पुण्याच्या मोठ्या हॉटेलात शेफ होता, तो परत आला होता. पाटीवर इंग्रजीत लिहिलं, गॅस्ट्रोपब; म्हणजे चांगलं जेवणही मिळणारा बार.

आईला मी ते वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते, लोक सलाइनवर जातात. तसलं नाव हॉटेलला कोण ठेवतं?" आमच्या गावात त्याला अजूनही 'नवीन बार' म्हणतात.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती लॅबमधल्या एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या जेवणाला. आम्ही पाच जण होतो. आत शिरताच माझं लक्ष गेलं ते एका वेटरकडे. ते माझ्या वडिलांचे शाळेतले मित्र होते. आमच्या शेजारच्या गावचे. परमिट रूमच्या काळापासून ते तिथेच होते. हॉटेल बदललं, ते राहिले. आता त्यांना काळा एप्रन आणि ऑर्डर घ्यायला टॅब दिला होता. टॅब ते शाळेतल्या पाटीसारखा काखेत धरत आणि ऑर्डर लक्षात ठेवत.

"कंपनीतली मंडळी काय गो?" त्यांनी मला विचारलं. मी मान हलवली. मी लिंबू सोडा सांगितला. बाकीच्यांचे उंच काचेचे ग्लास आले आणि माझा सोडा आला स्टीलच्या ग्लासात. रंग बघून कोणी भलता समज करून घेऊ नये, म्हणून. काकांनी ते फार मायेने केलं होतं. झालं इतकंच की आता आजूबाजूच्या तिन्ही टेबलांवरचे लोक माझ्या स्टीलच्या ग्लासाकडेच बघत होते.

त्या दिवशी आम्ही बटाट्याचंच काही तरी खाल्लं. पण मी मेनू वाचत बसले होते, कारण बोलण्यापेक्षा ते सोपं असतं. शेवटच्या पानावर होतं: अख्खा जिताडा, हिरव्या वाटणात भाजलेला, दोघांसाठी. मी ती ओळ दोनदा वाचली. कोणी येणार असेल तर मिळेल, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी एकटी गेले.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी इंग्रजी माध्यमात शिकले आणि मला नकार देता येतो तो इंग्रजीत. फोनवर क्रेडिट कार्ड विकणाऱ्यांना मी स्वच्छ शब्दांत वाटेला लावते. पण मराठीत समोर काका असले की माझ्या तोंडून 'चालेल' एवढाच शब्द निघतो. काकांशी इंग्रजीत बोलून काम झालं असतं, नाही असं नाही. ते गोंधळले असते, टॅबवर बोट फिरवलं असतं आणि मी सांगितलेलं आणलं असतं. पण मग मी त्यांना परकी झाले असते, आणि ते मला नको होतं. मला त्यांच्या मित्राची मुलगी राहूनच जिताडा खायचा होता.

"एकटीच?" त्यांनी माझ्यामागे दाराकडे बघत विचारलं.

"हो."

"मग वर बस. वर फॅमिली."

जिना चढून गेलं की एक माळ्यासारखा भाग होता. तिथे तीन टेबलं, एक पंखा आणि एक लाकडी जाळी होती. खालची शेगडी आणि रस्त्याच्या बाजूच्या काचा त्या जाळीच्या भोकांतून तुकड्यातुकड्यांनी दिसत. नव्या हॉटेलात सगळं नवीन केलं होतं, पण बायकांना बसवायची जागा तेवढी जुन्या परमिट रूमची ठेवली होती, फक्त पडद्याऐवजी जाळी. मी तिथे बसले आणि म्हटलं, "जिताडा."

अर्ध्या तासाने पनीर आलं.

"आज गुरुवार," काका हळूच म्हणाले, जणू माझी चूक त्यांनी चारचौघांपासून लपवली होती. "तुमच्याकडं चालत नाय ना. विसरलीस व्हय?"

घरी आम्ही गुरुवारी मासे करत नाही हे खरं होतं. माझी सुट्टी गुरुवारी असते, आणि कंपनीच्या कँटीनमध्ये मी कुठल्याही वारी अंडी खाते, हेही खरं होतं. मी म्हटलं, "चालेल." पनीर सगळं संपवलं. टाकलं असतं तर काकांना वाईट वाटलं असतं.

त्यानंतर मी बुधवारी गेले, पहिली शिफ्ट करून. आता वाराचा प्रश्न नव्हता. पुन्हा वर बसले. काका म्हणाले, "दोघांचा मासा असतो तो. एकटीला एवढा कसा सरंल? बांगडा देतो. मस्त हाय." आणि मी तोंड उघडायच्या आत जिना उतरून गेले. बांगडा खरंच मस्त होता. त्याचाच मला जास्त राग आला.

परतताना रेल्वेचा डबा जवळजवळ रिकामा होता. खिडकीकडे तोंड करून मी ते वाक्य हळू आवाजात म्हणून पाहिलं. "काका, मला जिताडाच हवा." मग, "काका, मी खालीच बसते." नागोठण्याच्या पुढे रोह्यापर्यंत आणि रोह्याहून परत, असे काही दिवस मी ही दोन वाक्यं म्हणत होते. लॅबमध्ये भांडी धुताना म्हणत होते. इतकं साधं वाक्य पाठ करावं लागतं याची लाज वाटायची, पण लाज वाटते म्हणून मी सराव सोडला नाही.

आणि मासा दोघांचा असतो, तर दोघी जाऊ, असं मी ठरवलं.

आईला चष्म्याचा नंबर तपासायला पेणला यायचंच होतं. मी बुधवार ठरवला, रजा टाकली. डॉक्टरकडून निघालो तेव्हा साडेबारा झाले होते. आईच्या डोळ्यांत थेंब घातले होते आणि तिला सगळं पांढुरकं दिसत होतं. काचेच्या दारासमोर ती थबकली.

"ह्ये तर बार हाय गो."

"जेवण मिळतं. चांगलं."

"तुझ्या बापाला कळलं तर?"

"सांगू ना आपणच."

काकांनी आईला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "वहिनी! या या. दादा नाय आले? जिन्याला कठडा हाय, धरून चढा. वर पंखा लावतो."

आई लगेच जिन्याकडे वळली. मी तिचा हात धरला. माझं वाक्य मला येत होतं.

"काका, आम्ही खालीच बसतो," मी म्हटलं. "त्या टेबलावर." शेगडीसमोर, खिडकीला लागून एक दोघांचं टेबल होतं. आणि थांबले असते तर कधीच बोलता आलं नसतं, म्हणून पुढचंही लगेच म्हणून टाकलं. "आणि आम्हाला जिताडाच हवा. अख्खा. आज बुधवार आहे."

काकांनी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या दिशेने. तिला मी अंधुकच दिसत असणार.

"बसा," काका म्हणाले. "खाली बसा. पण जिताडा... एकच हाय आज. तो साहेबांसाठी ठेवलाय."

"कोणते साहेब?"

"हायत एक. परवाना बिरवाना त्यांच्याकडंच असतो. बुधवारचे येतात कधी कधी."

"येणार आहेत म्हणाले का आज?"

"तसं नाय. पण आले तर?"

मला हसू आलं आणि रडूही. इतकी वर्षं घरातल्या प्रत्येक जिताड्यावर ज्याचं नाव असायचं तो पाहुणा इथेही माझ्या आधी येऊन बसला होता, आणि तो आलाही नव्हता. मेनूवर छापलेला असूनही मासा अजून द्यायचाच होता, खायचा नव्हता.

"चल गो, ऊठ," आई म्हणाली. "बांगडा खाऊ. नायतर घरी जाऊन भात टाकते मी."

"किती वाजेपर्यंत येतात साहेब?" मी काकांना विचारलं.

"आले तर दोन. अडीच."

"मग अडीचपर्यंत आम्ही थांबतो. नाही आले तर तो आम्हाला."

काकांनी टॅब एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. "तू दादासारखीच हाय हट्टी," ते म्हणाले आणि आत गेले. नाही म्हणाले नव्हते.

थांबणं मला येतं. लॅबमध्ये माझं कामच ते आहे. ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून एकेक थेंब सोडायचा आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत नजर हलवायची नाही. घाई केली तर सगळं पुन्हा. आईला मात्र रिकामं बसायची सवय नाही. तिने आधी रुमालांच्या घड्या घातल्या. मग मीठदाणीचं झाकण घट्ट केलं. मग शेगडीच्या दिशेने नाक करून म्हणाली, "नारळ जास्त भाजला यांनी."

दीडच्या सुमारास चार माणसं आली, कंपनीतली असावीत, आणि आमच्याकडे दोनदा बघून बसली. आईने पदर सारखा केला. "वर गेलो असतो तर बरं झालं असतं," ती पुटपुटली.

"वरून शेगडी दिसत नाही," मी म्हटलं.

"मला इथून तरी कुठं दिसते?" ती म्हणाली. पण थोड्या वेळाने थेंबांचा अंमल उतरला असावा, कारण ती एकदम पुढे वाकली. "तो बघ, मासा हातात घेतलान त्यानं. मोठा हाय गो."

शेफने फ्रीजमधून जिताडा काढून ओट्यावर ठेवला होता, आणि काका त्याच्याशी काही तरी बोलत होते. दोन वाजले. दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला की काका, आई आणि मी तिघंही दाराकडे बघत होतो. एकदा मेडिकलवाला आला. एकदा कोणी पत्ता विचारून गेलं. सव्वादोनला आई म्हणाली, "समज आले साहेब, तर?"

"तर आपण बांगडा खाऊ. आणि पुढच्या बुधवारी परत येऊ."

"परत?"

"हो. मिळेपर्यंत."

मग तिने पर्स मांडीवरून काढून बाजूच्या खुर्चीवर ठेवली आणि खुर्ची टेबलाकडे ओढून घेतली.

अडीचला काका आले नाहीत. मला उठून आत विचारायला जावं लागेल की काय, अशी भीती वाटायला लागली. मग शेगडीवर वाटणाचा चर्र आवाज झाला.

मासा लोखंडी तव्यावर आला, अख्खा, डोक्यापासून शेपटीपर्यंत हिरव्या वाटणात काळवंडलेला. खाली वालाच्या बिरड्याचा मऊ लगदा पसरला होता, त्याला मेनूवर एक फ्रेंच नाव होतं. तांदळाच्या भाकरीचे त्रिकोण कापलेले होते. आई म्हणाली, "बिरडं वाटलंन? वाल सोलायला एवढा वेळ लागतो, आणि वाटून टाकलंन?"

काकांनी सवयीने चमचा आणि काटा घेतला. इतकी वर्षं त्यांनी गावात पंगती वाढल्या होत्या; हात आपोआप चालले. शेपटीकडचा भाग सुटा करून त्यांनी तो आईच्या ताटाकडे नेला, आणि तिथे त्यांचा हात थांबला. टेबलावर तिसरं ताट नव्हतं. डोकं आणि मधल्या तुकड्या तव्यावर तशाच होत्या आणि त्या कोणाला द्यायच्या हे त्यांना कळेना.

"डोकं कोणाला?" त्यांनी विचारलं.

मी आईकडे बोट केलं. आईने माझ्याकडे केलं. मग तिने स्वतःच ताट पुढे सरकवलं. "मला द्या. तिला डोकं खाता येत नाय. इंग्लिश शाळा." आणि मला म्हणाली, "तू मधलं घे."

काकांनी मधली तुकडी माझ्या ताटात ठेवली. ती जाड होती, पांढरी, कडेला चरबीची पातळ रेघ. मी घास घेतला. मला वाटलं होतं, सतरा वर्षं वाट पाहिलेल्या घासाचं काही वेगळं होईल. तसं काही झालं नाही. तो मऊ होता, थोडा गोडसर, काटा जवळजवळ नाही, आणि नारळ खरंच जास्त भाजला होता. मी सगळा खाल्ला. दुसरी तुकडी मी स्वतःच्या हाताने घेतली.

आई डोकं खात होती. गालफडातलं मांस बोटांनी काढायचं, हाड चोखायचं, कडेला नीट रचून ठेवायचं. तिला ते कुठून येत होतं कोण जाणे. माझ्यासमोर तिने कधी डोकं खाल्लेलं नव्हतं. माहेरी खात असेल, लग्नाआधी. मी विचारलं नाही. तिचं लक्ष मोडायचं नव्हतं.

आमचं अर्धं झालं असताना काका फोन कानाला लावून आले. फोनवर हात धरून, अगदी हळू म्हणाले, "वहिनी, साहेब निघालेत. पंधरा मिनिटांत पोचतात. आता काय सांगू?"

मी घास तसाच धरून बसले. या वेळचं वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं.

आईने बोटावरचं वाटण चाटलं. "सांगा, बांगडा मस्त हाय," ती म्हणाली, आणि उरलेल्या डोक्याकडे वळली.

घरी पोचलो तेव्हा वडील ओटीवर पेपर वाचत होते. "डॉक्टर काय बोलला?" त्यांनी विचारलं. आईने नंबर वाढल्याचं सांगितलं.

"आणि जेवलात कुठं?"

"त्या नवीन बारमध्ये," आई म्हणाली. "जिताडा होता."

वडिलांनी पेपर खाली केला. "कोण आलेला?"

"कोण नाय. आम्ही दोघी."

मी दारात चपला काढत उभी होते आणि मुद्दामच आत गेले नाही.

"डोकं कोणी खाल्लं?"

"मी," आई म्हणाली.

वडिलांनी पेपर पुन्हा वर धरला. त्याच्या मागून त्यांचा आवाज आला, "ताजा होता?"

"ताजा होता. मीठ जरा कमी." आई नळाकडे गेली, हाताला नाक लावून वास घेतला आणि साबण न लावताच पदराला हात पुसले.